पहिली पिकअप: नवी घ्यावी की जुनी?

छोट्या हत्तीत माल मावत नाही आणि आयशर परवडत नाही, अशा ठिकाणी पिकअप लागते. महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा आणि इन्ट्रा, अशोक लेलँडची दोस्त या गाड्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजार समितीच्या गेटवर पहाटे रांगेत दिसतात. सव्वा ते दोन टन माल, अरुंद शेतरस्ता आणि घाट, ही तिन्ही कामं एकाच गाडीने करायची असली की दुसरा पर्याय फारसा उरत नाही. पहिल्यांदा गाडी घेणारा माणूस मात्र शोरूमपासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. सुरुवात आपल्या कामापासून करायची. हा लेख भाड्याच्या धंद्यासाठी किंवा स्वतःचा शेतमाल वाहण्यासाठी पहिली पिकअप घेणाऱ्यांसाठी आहे.

आधी कामाचे दिवस मोजा

वहीत बारा महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यापुढे गाडीला नक्की किती दिवस काम मिळेल ते मांडा. "मिळेल बहुतेक" असे दिवस धरू नका. ज्याने तोंडी का होईना पण शब्द दिलाय, तेच दिवस धरा. दूध संकलन, किराणा कंपनीचा माल ही कामं महिन्याला पंचवीस-सव्वीस दिवस चालतात. टोमॅटो, कांदा, द्राक्षं, आंबा यांचं काम हंगामात रात्रंदिवस असतं आणि नंतर गाडी झाडाखाली उभी राहते. मंडप आणि डेकोरेशनवाल्यांचं भाडं लग्नसराईपुरतं.

नवी की जुनी, याचं निम्मं उत्तर या वहीतच मिळतं. हप्ता दर महिन्याला येतो, काम मात्र दर महिन्याला येईलच असं नाही.

किती वजन, कुठली गाडी

नेहमीचा माल किलोत मोजा. टोमॅटोचं उदाहरण घेऊ. कॅरेटमध्ये २० किलो माल आणि कॅरेटचं स्वतःचं वजन धरलं तर साधारण २२ किलो होतात. १.७ टनाच्या पिकअपमध्ये नियमाने ७७ कॅरेट बसतात. शेतकरी म्हणतो, "शंभर टाक रे, चालतंय." शंभर कॅरेट म्हणजे २,२०० किलो, म्हणजे अर्धा टन जादा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. एकदा काट्यावर सापडलात तर त्या आठवड्याची सगळी कमाई गेली. शिवाय पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि बेअरिंगं झिजतात ती वेगळीच. रोजचा माल दोन टनांचा असेल तर दोन टनांचीच गाडी बघा.

वजनाशी जोडलेल्या दोन सरकारी गोष्टी माहीत हव्यात. मालासकट गाडीचं एकूण वजन, म्हणजे आरसीवर लिहिलेलं जीव्हीडब्ल्यू, ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. त्यापुढे लागतं. काही पिकअप या मर्यादेच्या आत बसतात, काही बाहेर जातात. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना आरसी बघूनच बोला. दुसरी गोष्ट लायसनची. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या, म्हणजे एलएमव्हीच्या लायसनवर चालवता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पक्कं केलं आहे. त्यामुळे "वेगळा बॅज काढा, मी करून देतो" असं एजंट म्हणाला तर खिशात हात घालण्याआधी आरटीओच्या खिडकीवर विचारा.

हप्त्याचा खरा हिशोब

लोक इथेच घाई करतात, म्हणून आकडे मांडतो. रकमा उदाहरणादाखल धरल्या आहेत. तुमच्याकडचं कोटेशन आलं की तेवढे बदला.

नवी गाडी ऑन-रोड ११ लाखांना. ३ लाख डाउन पेमेंट, ८ लाख कर्ज, १०.५ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता बसतो सुमारे १७,१९५ रुपये.

जुनी गाडी ६ लाखांना. २ लाख रोख, ४ लाख कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त आणि मुदत कमी मिळते, म्हणून १५ टक्के आणि तीन वर्षं धरू. हप्ता बसतो सुमारे १३,८६७ रुपये.

कर्ज निम्मं, पण हप्ता निम्मा झाला नाही. महिन्याचा फरक ३,३२८ रुपये. पंचवीस दिवस काम असेल तर रोजचा फरक १३३ रुपये पडतो. जुन्या गाडीचं एखादं क्लचचं काम निघालं तर अनेक महिन्यांचा फरक गॅरेजवाल्याच्या हातात जातो आणि गाडी उभी राहिली तेवढ्या दिवसांचं भाडं बुडतं. जुन्या गाडीचे हप्ते ३६ महिन्यांत संपतात, नव्याचे ६० महिने चालतात, हा जुन्याचा खरा फायदा. पण तो मिळवायचा तर पहिली तीन वर्षं तग धरावी लागते.

म्हणून माझं मत असं आहे की जुनी गाडी घ्यायची तर ती रोखीने घ्यावी, किंवा कर्ज एक-दीड लाखाच्या वर जाऊ देऊ नये. हंगामी काम करणाऱ्याला हे विशेष लागू. महिन्यात बाराच दिवस काम असेल तर वरच्या जुन्या गाडीचा हप्तासुद्धा रोजी ११५६ रुपये पडतो. डिझेल, ड्रायव्हर, टोल आणि हमाली त्यावर वेगळी. रोखीने घेतलेली गाडी चार महिने उभी राहिली तरी दारात कोणी वसुलीला येत नाही.

उलट, रोजचं बांधलेलं काम असेल आणि एक खाडा झाला की ठेका हातचा जाणार असेल, तर नवीच घ्या. दुधाच्या गाडीला "आज गॅरेजला आहे" हे कारण चालत नाही. दूध नासतं आणि दुसऱ्या दिवशी तिथे दुसऱ्याची गाडी लागलेली असते.

फायनान्सवाला "फक्त नऊ टक्के" म्हणाला तर फ्लॅट की रिड्यूसिंग, हे लगेच विचारा. ४ लाखांवर ९ टक्के फ्लॅट, तीन वर्षं, म्हणजे व्याज १,०८,००० आणि हप्ता १४,१११. तुम्ही मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ४ लाखांवर लागत राहतं. रिड्यूसिंगच्या, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावायच्या भाषेत हा दर १६ टक्क्यांच्या वर जातो.

जुनीची किंमत आजच्या नव्याशी ताडून बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. २८ टक्के धरून जी गाडी १० लाखांना होती, तिची किंमत त्याच मूळ दराने ९,२१,८७५ होते. म्हणजे ७८ हजारांचा फरक. तरीही काही विकणारे "मी साडेदहाला घेतली होती" असं म्हणत जुन्याच हिशोबाने भाव सांगतात. त्याने कितीला घेतली याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नाही. आज शोरूमचं कोटेशन हातात घेऊन जा आणि तिथून खाली बोलायला सुरुवात करा.

पिकअपला, त्यातही बोलेरोला, बाजारात मागणी असल्याने एक-दोन वर्षं वापरलेली गाडी फार स्वस्त मिळत नाही. नव्यापेक्षा लाख-सव्वा लाखच वाचत असतील तर वॉरंटी आणि कमी व्याज सोडून जुनी घेण्यात अर्थ नाही. चार ते सहा वर्षांच्या, एकाच मालकाच्या गाडीत खरी बचत असते. आठ वर्षांच्या पुढची गाडी पहिल्यांदा घेणाऱ्याने टाळावी. आठ वर्षांपर्यंत फिटनेसचं पासिंग दोन वर्षांतून एकदा असतं, नंतर दरवर्षी. दर पासिंगला रंग, रिफ्लेक्टर, ब्रेक आणि कामाचे एक-दोन दिवस जातात. १५ वर्षांपुढच्या गाड्यांची पासिंगची फी तर २०२२ पासून खूपच वाढली आहे.

आणखी एक फरक बघा. बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष. ३१ मार्च २०२० पर्यंत विकलेल्या बहुतेक गाड्या बीएस-४, त्यानंतरच्या बीएस-६. बीएस-४ गाडी तालुक्याचा कुठलाही मिस्त्री खोलतो. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ आणि जास्तीचे सेन्सर असतात. त्याला स्कॅनर लागतो आणि तो चालवणारा माणूसही. लांब पल्ल्यावर धावणारी बीएस-६ गाडी हा फिल्टर स्वतःच जाळून साफ करते. पण दिवसभर पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या, थांबणं, पुन्हा सुरू करणं असं काम असेल तर फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. जुनी बीएस-६ बघताना आधीच्या मालकाने ती कुठल्या कामाला चालवली, हे म्हणूनच विचारायचं.

जुनी गाडी बघायला जाताना

सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगा की मी आल्याशिवाय सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर कारण विचारा. आजारी इंजिन गरम असताना बरं वाजतं, थंड असताना खरं बोलतं. पहिल्या सेल्फला सुरू झालं पाहिजे. सायलेन्सरमागे दुसऱ्या माणसाला उभं करा. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खातंय. एक्सलेटर दाबल्यावर काळा लोट आला तर डिझेलच्या बाजूचं काम आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जातंय का ते बघावं लागेल. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून धूर फुक-फुक करत बाहेर येत असेल तर त्याला मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात आणि त्याचा अर्थ मोठा खर्च. अशी गाडी स्वस्तात मिळत असली तरी सोडून द्या.

नंतर खाली वाका. माणसं रंग बघतात, पिकअपमध्ये बघायची ती चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. टॉर्च घेऊन दोन्ही बाजूच्या लांब पट्ट्या पुढून मागेपर्यंत बघा. वेल्डिंगचा टाका, ताजा काळा रंग, ठोकून सरळ केल्याच्या खुणा शोधा. हौदा जिथे चॅसीला बोल्ट केलेला असतो तिथे चिरा आधी दिसतात. पाटे मोजा. कंपनीने दिलेल्यापेक्षा एक-दोन पाटे जास्त घातलेले असतील तर ही गाडी वर्षानुवर्षं जादा माल ओढत आली, हे समजून घ्या. मालक काहीही सांगो.

गाडी कुठल्या कामाला होती, हे हौदा सांगतो. तळाचं रबर किंवा फळ्या उचला. मासळी वाहिलेल्या गाडीत बर्फाचं खारट पाणी सतत खाली गळलेलं असतं. रत्नागिरी, मालवण, हर्णै या बाजूच्या गाडीचा पत्रा वरून चकाचक आणि खालून पापुद्रे सुटलेला असू शकतो. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. खडी-वाळू वाहिलेल्या गाडीचा फाळका वाकलेला आणि कोपरे पिचलेले असतात. भाजीपाला किंवा किराणा वाहिलेली गाडी त्यातल्या त्यात बरी.

पुराच्या पाण्यात गेलेल्या गाड्याही बाजारात येतात. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ ला चिपळूण-महाडला किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. आतल्या टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ दिसते का ते बघा. फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यातला आणि सीटखालच्या सांध्यातला गाळ कोणी धूत नाही.

टायर गोटा झालेत का, एवढंच बघून थांबू नका. पुढचा टायर एकाच कडेने खाल्लेला असेल तर खाली काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. टायरवर चार आकडी कोड असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. सगळे टायर नवे हवेतच असं नाही, पण पाचही टायर बदलावे लागणार असतील तर ती रक्कम भावातून कापायला सांगा.

मीटरवर विश्वास ठेवू नका, तो फिरवता येतो. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं निघालेलं, ड्रायव्हरची सीट बसलेली आणि मीटर ४५ हजार दाखवतोय, हे जुळत नाही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसची नोंद किलोमीटरसकट असते. मालकाला बरोबर घेऊन ती मागा.

आणि रिकाम्या गाडीची ट्रायल घेऊन परत येऊ नका. रिकामी पिकअप सगळ्यांचीच छान पळते. टनभर माल भरून जवळच्या चढावर न्या. तिसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वाढत नाही, तर क्लच प्लेट संपली. उतारावर गिअर आपोआप सुटतो का, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, टेम्परेचरचा काटा वर चढतो का, हे बघा. माल भरून ट्रायल द्यायला मालक नको म्हणत असेल तर गाडी नको. आपला ओळखीचा मिस्त्री बरोबर असावा आणि त्याला हजार-पाचशे आधीच द्यावेत, म्हणजे तो दलालाकडे बघून बोलणार नाही.

कागद

इसार देण्याआधी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, फिटनेसची मुदत, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा तिथे दिसतो. थकलेली ई-चलनंही तपासा. काही व्यावसायिक गाड्यांवर ती हजारोंच्या घरात असतात आणि विकणारा गप्प बसतो. चॅसी नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. कागद ठेवून वर पेन्सिल घासली की ठसा उठतो. ठशातली अक्षरं सरळ ओळीत आणि सारख्या खोलीची हवीत.

गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. "दोन हप्ते राहिलेत, तुम्ही भरा" असं म्हणाले तर ते पैसे मालकाला न देता थेट फायनान्स कंपनीच्या खात्यात भरा आणि पावती घ्या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ वरचं ना-हरकत प्रमाणपत्रही लागतं. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का ते बघा.

दिल्ली भागातून आलेली डिझेल पिकअप फार स्वस्त दिसते. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यामुळे त्या बाहेर विकल्या जातात. महाराष्ट्रात नव्याने नोंदणी, कर आणि कागदांच्या फेऱ्या धरल्या तर स्वस्ताई उरत नाही. पहिल्या गाडीला हा उपद्व्याप नको.

नवी घेत असाल तर

इथे तपासणी थोडी, घासाघीस जास्त. कोटेशनमध्ये गाडीची किंमत, कर, विमा, नोंदणी आणि ॲक्सेसरीज वेगवेगळ्या लिहून घ्या. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर जाहीर झाला. तो कोटेशनमध्ये स्वतंत्र दिसला पाहिजे. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. २०२२ ला या वर्गासाठी तो वर्षाला १६,०४९ रुपये ठरला, आणि तो गाडी नवी असो की जुनी, सारखाच पडतो. घासाघीस करायची ती उरलेल्या भागावर.

वॉरंटी वर्षांत आणि किलोमीटरमध्ये दोन्ही विचारा. समजा तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर असेल आणि तुमची गाडी रोज दोनशे किलोमीटर पळणार असेल, तर वीस महिन्यांत वॉरंटी संपते. पाटीवर गाडी बनल्याचा महिना-वर्ष बघा. जानेवारीत घेतलेली गाडी मागच्या वर्षीची निघाली तर विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते, म्हणून सूट तेवढी मागा. सीएनजीची गाडी घेत असाल तर सिलिंडरच्या वजनामुळे माल किती कमी बसतो ते विचारा आणि तुमच्या रस्त्यावर पंप कुठे आहेत, तिथे रांग किती असते, हे स्वतः जाऊन बघा. जीएसटी नोंदणी असेल तर मालवाहू गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे बिल धंद्याच्या नावावर आणि जीएसटी नंबर टाकूनच करा.

ताबा घेताना

जुन्या गाडीचा ताबा घेताना साध्या करारावर तारखेबरोबर वेळही लिहा. त्या वेळेआधीचं चलन आणि अपघात विकणाऱ्याचा, नंतरचा तुमचा. विमा नावावर करून घ्यायला चौदा दिवस असतात. तो जुन्या नावावर राहिला तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. पहिलं भाडं मारण्याआधी इंजिन, गिअर आणि मागच्या क्राउनचं ऑइल, कूलंट, डिझेल फिल्टर बदलून घ्या आणि चारही चाकांचे ब्रेक खोलून बघा. या कामासाठी भावातूनच पंधरा-वीस हजार बाजूला ठेवलेले असावेत. नवी आरसी हातात येईपर्यंत फॉर्म २९-३० ची झेरॉक्स, करार आणि आरटीओच्या फीची पावती एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून गाडीतच ठेवा. नाक्यावर अडवलं तर आधी तीच मागतात.